उतरत्या बॅटरीचा आवाज

जना,

शाळेतले मास्तर म्हणाले, "तुम्ही बोला, मी लिहून घेतो. शुद्धलेखन तरी नीट होईल." मी म्हटलं, नको. मी माझ्या मेव्हण्याशी बोलणार, मध्ये तिसरा माणूस कशाला? माझी शाळा तिसरीत सुटली हे खरं, पण शाळा सुटली, अक्षर नाही सुटलं. स्पीकरच्या डब्यावर माझं नाव मीच रंगवलं होतं आणि तू हसला होतास, "भावोजी, नावापेक्षा वेलांटी मोठी झाली." इथेही तसंच होईल. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले. तुझी आक्का आत भांडी लावते आहे, म्हणजे रडू येऊ नये म्हणून भांडी आपटते आहे. पडवीत मी आणि मशीन असे दोघेच, आणि दोघेही बंद.

मुंबईचं आपलं गावकरी मंडळ तुझ्यावर चार शब्द छापणार आहे म्हणे, म्हणूनच मास्तर कागद घेऊन आले. तू कधी जन्मलास, कुठल्या हॉटेलात गिटार वाजवलीस, कुणाकुणाच्या साथीला बसलास, ते त्यांनी लिहावं. त्यातलं मला निम्मं ठाऊक नाही. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. भांडण कशावरून, ते इतरांनाही कळावं म्हणून सांगतो. लाऊडस्पीकरची बॅटरी उतरायला लागली की त्याचा आवाज बदलतो. तू म्हणायचास, तेव्हा तो पिकतो. मी म्हणायचो, कुजतो. झालं. एवढ्यावरून, तू माझ्या घरी यायला लागल्यापासून, आपण भांडत आलो.

मशीन मी मुंबईत गोदीत कामाला होतो तेव्हाचं. लढाई संपली होती आणि सैन्याचा उरलेला माल जुन्या बाजारात ढिगाने पडला होता. त्या ढिगातून मी हा ॲम्प्लिफायर उचलला. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा, वजनाला पाट्यासारखा. गोदी सोडली, आगबोटीत मशीन मांडीशी धरून बसलो आणि देवबागला उतरलो. गावात वीज नव्हती, रेडिओ नव्हता, आणि माझा भोंगा माडाला बांधला की खाडीपलीकडची माणसं कामं टाकून काठावर यायची. लग्न असो, सत्यनारायण असो, कबड्डीचे सामने असोत, निरोप मलाच यायचा. मशिनीतल्या काचेच्या व्हॉल्व्हना लाली चढली की मी समजायचो, आता हे बोलायला तयार. मग मी एकदा खाकरायचो आणि अख्खं गाव गप्प व्हायचं.

माझा नियम एकच होता. आवाज साफ पाहिजे, शब्दन् शब्द कळला पाहिजे. बॅटरी जरा उतरली की आवाज जड होतो, त्याला खरखर सुटते, आणि मग पोरंटोरंसुद्धा बोलायला मोकळी, "भोंगो रडाक लागलो रे!" ते मी कधी ऐकून घेतलं नाही. दुसरी बॅटरी भरलेली तयार असायची. मालवणला भाताच्या गिरणीवर इंजिनाला लावून ती भरून आणायची, वाळूतून बैलगाडीने. गाडी नसली तर काठीला बांधून दोघांच्या खांद्यावर.

एक डाग मात्र होता. पहिल्याच पावसाळ्यात उंदराने लाकडी डब्यातल्या स्पीकरचा कागदी पडदा कुरतडला. नवा पडदा आणायला मुंबई गाठायला हवी, आणि आगबोट बंद. मी पतंगाचा कागद घेतला, फणसाचा चीक लावला आणि ठिगळ मारलं. पक्ष्यांच्या पायाला चिकटतो तो चीक, कागदाला का चिकटणार नाही? चिकटला. पण मोठ्या आवाजात ते ठिगळ किंचित गुणगुणायचं. दुसऱ्या कुणाला ऐकू यायचं नाही, मला यायचं. मला त्याची लाज वाटायची.

आणि तू आलास तो नेमका त्या ठिगळावर लट्टू झालास.

पहिल्यांदा तू गिटार घेऊन आलास तो माझ्या पुतणीच्या लग्नाला. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काखेत. आक्का म्हणाली, "ह्या काय रे, पोराक घेवन इलंस? लगीन कधी केलंस?" तू चादर सोडलीस. हवाईयन गिटार म्हणतात तिला, मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवर पोलादाचा तुकडा फिरवायचा. तिला एक वायर लोंबत होती. ती वायर तू सरळ माझ्या मशीनला लावायला निघालास.

"अरे, हात काढ! जळात माझा मशीन!"

"नाय जळणा, भावोजी. मुंबैत आमी रेडियोक सुद्धा लावतो."

"मुंबैत तुमी काय वाटेल तां लावता. ह्या देवबाग आसा."

तुझी आक्का मधे पडली म्हणून लावू दिली. सकाळपासून तबकड्या वाजवून बॅटरी थकलेली होती. तू वाजवायला बसलास. आधी मंडपात कुणाचं लक्ष नव्हतं, पंगतीची घाई होती. मग हळूहळू वाढपी थांबायला लागले. तारेतून माणूस गावा तसा आवाज येत होता, आणि तो बसत चालला होता, जाड होत होता, ठिगळ गुणगुणत होतं. मी शरमेने उठलो, दुसरी बॅटरी ओढली. तू वाजवता वाजवता ओरडलास:

"भावोजी, हात लावू नकात! आता खंय आवाज पिकाक लागलो!"

"पिकलो खंयचो, कुजलो!"

अख्खा मंडप हसला. तो पहिला दिवस. तेव्हापासून गावात कुणाचा घसा बसला तरी लोक विचारायचे, "काय रे, पिकलो काय कुजलो?" आपल्या भांडणाने गावाला एक विनोद दिला. तुझं माझं नाव राहणार असेल तर त्यातच राहील. तेही ही म्हातारी माणसं आहेत तोवर.

पुढे तू दर मे महिन्यात यायचास. पडवीत भिंतीला टेकून बसायचास आणि सोलकढीच्या वाटीवर वाटी रिचवत तुझ्या मुंबईच्या गिटारवाल्यांच्या गोष्टी सांगायचास. प्रत्येकाचं आपलं एक लाडकं मशीन. तुमच्या खोलीतला तो गोव्याचा पोरगा, जो रेडिओच्या मागच्या भोकात वायर खुपसायचा आणि दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. "तेचो आवाज गोड, पण लाजरो. दारामागसून बोलता तसो." हॉटेलातला तो गोरा म्हातारा, ज्याच्याकडे कापडात मढवलेलं विलायती मशीन होतं. त्याचे वरचे सूर म्हणे नव्या काचेच्या बांगड्यांसारखे. आणि एकजण, ज्याने सिनेमा थेटराचं मोडीतलं मशीन घेतलं होतं. ते हलवायला दोन हमाल लागायचे. त्याने तार छेडली की समोरच्या बाकड्यावरचा माणूस थरथरायचा. हे सगळे एकत्र जमले की भांडायचे, कुणाचा टोन चांगला. टोन हा शब्द मी तुझ्याकडूनच शिकलो.

"आणि तू काय सांगतंस?" मी विचारलं होतं.

"मी सांगतंय, सगळ्यात बरो टोन देवबागाक आसा. माझ्या भावोजींच्या मशिनीत, बॅटरी मरताना, फणसाच्या चिकात."

"मगे ते काय म्हणतत?"

"हसतत."

"हसतले नाय तर काय करतले! माझी अब्रू घालवतंस मुंबैत. लोकांका वाटात, माझी बॅटरी कायम मेलेलीच आसता."

आक्का आतून म्हणाली, "टोन टोन काय करत बसलंस? वय जाता. एखाद्या चेडवाचो आवाज ऐकाक होयो तुका, ह्या डब्याचो न्हय." तू हसलास. तू लग्न केलं नाहीस ते नाहीच. मुंबईच्या तुझ्या त्या मशीनवाल्यांपैकी एकही तुझ्या मयताला नव्हता. त्यांना कळवणार कोण आणि कुठे? तू त्यांची मशीनं सांगितलीस, पत्ते नाही सांगितलेस.

एकदा मी मुंबईला तुझ्या हॉटेलात तुझं वाजवणं ऐकायला आलो होतो. तू म्हणालास, पुढच्या दाराने धोतरवाल्याला सोडत नाहीत, मागून स्वयंपाकघरातून या. मी म्हटलं, मागच्या दाराने मी माझ्या सासऱ्याच्या घरीही कधी गेलो नाही. मग फुटपाथवर उभा राहून ऐकलं. खिडकी उघडी होती. विलायती मशीन, भिंतीतली वीज, आवाज एकदम साफ. माझ्या नियमातला. बाहेर आलास आणि तू विचारलंस, "कसो वाटलो?"

"साफ. एक खरखर नाय."

तू मान हलवलीस. "तांच तर, भावोजी. हयली वीज उतरतच नाय. सुरवातीक जसो, शेवटाक तसोच."

मला तेव्हा ते कौतुक वाटलं. तुझं तोंड बघायला पाहिजे होतं.

आणि एका वर्षी तू मे सोडून श्रावणात आलास, तेव्हाची नारळी पौर्णिमा. ती तू विसरला नसशील. समुद्राला नारळ दिला, ऊन कलत होतं, होड्या किनाऱ्याला लावलेल्या. देवाला गाऱ्हाणं घालायचं, त्यासाठी मी मशीन नेलं होतं. गाऱ्हाणं झालं आणि लोकांनी तुला बसवलं. दुसरी बॅटरी गिरणीवरच राहिली होती, म्हणजे माझा नाइलाज. आवाज उतरायला लागला. मी मशीन बंद करायला उठलो तर काशीबाय आडवी आली. तिचा नवरा होडीसकट गेला होता, त्याला तेव्हा बराच काळ लोटला होता.

"ऱ्हवांदे," म्हणाली. "माझो घोव असोच साद घाली. वाऱ्यात बोलान बोलान घसो बसलेलो. ऱ्हवांदे, असोच."

ती वाळूत बसली आणि डोळ्यांना पदर लावला. तू तिच्याकडे न बघता वाजवत राहिलास, अगदी हळू, तार सुटता सुटता परत धरून. शेवटी मशिनीतली लाली विझली, आवाज आत ओढला गेला आणि लाटांचाच तेवढा उरला. मी इतकी वर्षं साफ आवाज दिला, माझ्या भोंग्यावर कधी कुणी रडलं नव्हतं. मला राग आला. मी म्हटलं, "बघ, मेली बॅटरी. आता पिकलेला खा!" तू काही बोलला नाहीस. तुझ्याकडे उत्तर होतं, ते समोर वाळूत बसलं होतं. तुला बोट करून दाखवता आलं असतं. तू दाखवलं नाहीस. हे मी तुझे उपकार म्हणून धरतो. भांडणात जिंकलेल्या माणसाने गप्प बसावं, हे मला कधी जमलं नाही, तुला जमलं.

मग मालवणात विजेचे खांब आले. बाजारात एकाने विजेवरचं नवं मशीन आणलं, मऊ आवाजाचं, व्हॉल्व्ह नसलेलं. बटण दाबताच बोलतं. लोक मला म्हणाले, तुम्हीही घ्या. मी घेतलं नाही. नाही म्हणजे नाही. निरोप यायचे बंद झाले. गिरणीला मोटर बसली, जुनं इंजिन काढलं आणि माझ्या बॅटऱ्या भरायची सोय गेली. दोन्ही बॅटऱ्या परसात पडून पांढऱ्या झाल्या. मशीन मी भाताच्या कणगीत ठेवलं, खारी हवा लागू नये म्हणून.

यंदा पाऊस लागायच्या आधी तू आलास. छातीचं दुखणं घेऊन. तुला होडीतून उतरवताना मी काखेत हात घातला तर काहीच हाताला लागेना. आक्काने तुला बघितलं आणि आत गेली, चुलीपाशी जाऊन बसली. डॉक्टरने मला अंगणात बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. तुला वेगळं सांगावं लागलं नाही. तू पडवीत खाट मागितलीस, समुद्राच्या अंगाला तोंड करून.

श्रावण लागला आणि एक दिवस तू म्हणालास, "भावोजी, मशीन आसा?"

"आसा. कशाक?"

"एकदा लावया. बॅटरी मरताना. एकदाच वाजवतंय."

मी म्हटलं, "आणि परत कुजलेलोच ऐकवतलंस?" तू हसलास आणि खोकलास. त्यानंतर तू जे काही मागितलंस ते पाणीच.

मी मालवणला गेलो. कुणाकडे बॅटरी नव्हती, सगळ्यांकडे वीज. शेवटी एक ट्रकवाला भेटला. खारेपाटणच्या पुढे रस्त्यावर पाणी, म्हणून तो अडकून पडलेला. मी त्याला सांगितलं, घरात माणूस जायला टेकलंय, त्याला गिटार वाजवायची आहे. त्याने ट्रकमधून बॅटरी काढून दिली. नवीकोरी, पूर्ण भरलेली. मी ती घरापर्यंत आणली कशी ते माझ्या पाठीला ठाऊक. आणि जना, खरं सांगतो, आणताना मला अभिमान वाटत होता. अशी बॅटरी माझ्या उभ्या आयुष्यात मला मिळाली नव्हती.

घरी आणून जोडली. व्हॉल्व्ह तापले, लाल झाले. तू पडल्या पडल्या बघत होतास. गिटार तुझ्या मांडीवर ठेवली. तू एक तार छेडलीस. घणघणीत, साफ, कणखर. तुझ्या तोंडाकडे बघून माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलोय. तुला मरती बॅटरी पाहिजे होती. मी जन्माच्या सवयीने चांगली घेऊन आलो.

"जावंदे," म्हणालास. "उतरतली हळूहळू. मी थांबतंय."

मग मी जे केलं ते मी कुणाला सांगणार नव्हतो. बॅटरी उतरावी म्हणून मी सकाळपासून तबकड्या लावल्या. ज्या हातांनी जन्मभर बॅटरी जपली, त्या हातांनी तिला दमवत बसलो. फोनोला किल्ली द्यायची, तबकडी बदलायची, पुन्हा किल्ली. आवाज होता तेवढा चढवला. भर पावसात अख्ख्या देवबागाला गाणी. लोकांना वाटलं म्हातारा चळला. शेजारचा बाळा कुंपणावरून ओरडला, "काय हो, घरात आजारी माणूस आणि तुमी भोंगो लावतास?" आक्काने त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बॅटरी उतरेना. दुपार झाली, आवाज तसाच. तू डोळे मिटून पडलेला, गिटार मांडीवर, पोलादाचा तुकडा मुठीत. मधेच डोळे उघडायचास, ऐकायचास आणि मान हलवायचास. अजून नाही. मी मशीनवर हात ठेवून मनातल्या मनात म्हणत होतो, मर, मेले, मर एकदाची. जिला कधी मरू दिलं नाही तिला मर म्हणत होतो, आणि ज्याला राहा म्हणायचं होतं त्याला काहीच म्हणत नव्हतो.

दिवेलागणीच्या सुमारास गाणाऱ्या बाईचा आवाज जरा जड झाला. मला वाटलं, भास. मग ठिगळ गुणगुणलं. बाईच्या गळ्यात काहीतरी भरून आलं, तिचे सूर कडेला विरघळायला लागले. मी फोनो थांबवला. तुझ्या खांद्याला हात लावला.

"जना, ऊठ. तुझो आवाज इलो."

तुझी मूठ मीच सोडवली. तुकडा अजून गरम होता तुझ्या हाताने.

मशीन कुणी बंद केलं मला माहीत नाही. बहुतेक कुणीच नाही. आपोआप विझलं असेल.

आता राहिलं ते दहाव्याचं. खाडीच्या काठावर माझ्या मुलाने भाताचा पिंड ठेवला. सगळे म्हणत होते, जनाचा जीव कशाततरी अडकला असणार, कावळा सहज शिवायचा नाही. आक्का मनात काहीतरी कबूल करायचं ठरवून आली होती. मीही आलो होतो. मला खात्री होती की कावळा येणार नाही. सगळे एकामागून एक काय काय कबूल करतील, तरी येणार नाही. मग मी पुढे होईन, आणि आपल्या भांडणात इतकी वर्षं जे कबूल केलं नाही ते एक वाक्य चारचौघांत, मोठ्याने, खाकरून बोलेन. वाक्य मी रात्रीपासून तोंडात धरून ठेवलं होतं. ते कुठलं, तुला ठाऊक आहे.

मुलाने पिंड ठेवला, मागे वळायचा होता, तेवढ्यात कावळा आला. कुणी हात जोडले नव्हते, आक्काने तोंड उघडलं नव्हतं. पहिल्याच झेपेत चोच मारली आणि माडावर जाऊन बसला. लोक म्हणाले, "सुटलो बिचारो. काय रवला नव्हता तेचा." सगळे समाधानाने घरी निघाले.

तुझं काही राहिलं नव्हतं. मी तिथेच उभा होतो.

मास्तर म्हणतात, ते वाक्य इथे लिहा, म्हणजे लेख पुरा होईल. मी लिहिणार नाही. ते ऐकवायचं होतं, वाचायला द्यायचं नव्हतं. ट्रकवाल्याची बॅटरी मी परत करून आलो. रस्ता मोकळा झाला होता, त्याला घाई होती. मशीन कणगीत ठेवायला आक्काने पाट लावून जागा केली आहे. अजून पडवीतच आहे. बॅटरीशिवाय ते बोलत नाही, आणि मी बोललो तर ऐकायला समोर खाट आहे, खाटेवर कुणी नाही.